वरण, भाकरी आणि खाडा : लातूरमधील एका घरगुती खानावळीविषयी

लातूरमध्ये खानावळ शोधायला फार फिरावे लागत नाही, चांगली खानावळ शोधायला मात्र चपला झिजतात. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव अशा सगळ्या जिल्ह्यांतून बारावीची आणि नीटची मुले या शहरात येतात. त्यांच्यामागून वसतिगृहे आली, अभ्यासिका आल्या आणि जवळजवळ प्रत्येक गल्लीत 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी लागली. यांपैकी बहुतेक ठिकाणी घरगुती असते ते फक्त घर. हॉलमधील सोफा हलवून तेथे टेबले मांडलेली असतात आणि ताटात ढाब्यावरची लाल तर्री, मैदा मिसळलेली चपाती आणि सोडा टाकून शिजवलेली डाळ येते. परभणीहून बदलीवर येथे आल्यानंतर अशा दोन-तीन ठिकाणी पोटाचे हाल करून घेतल्यावर मला जी खानावळ सापडली आणि जेथे मी अजूनही जेवतो, तिच्याविषयी हे लिहीत आहे.

ही खानावळ औसा रस्त्याच्या बाजूच्या एका जुन्या वसाहतीत, राहत्या घराच्या तळमजल्यावर चालते. तिला नाव नाही. फाटकाला तारेने बांधलेल्या पत्र्यावर रंगाने 'खानावळ' एवढेच लिहिले आहे आणि मुले तिला 'काकूंची मेस' म्हणतात. दुपारी मला कार्यालयात डबा येतो आणि रात्री मी तेथे जाऊन बसतो. त्यामुळे दोन्ही सेवा मला चांगल्या परिचयाच्या आहेत आणि दोन्हींविषयी माझे मत एक नाही.

खानावळीची परीक्षा रविवारच्या फीस्टवरून करू नये, मंगळवारी रात्रीच्या वरणावरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गोडधोड आणि मसालेदार पदार्थ चुकले तरी तेल-तिखटात झाकून नेता येतात; साध्या वरणाला लपायला जागा नसते. काकूंचे वरण तुरीचेच असते. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण तुरीचे भाव चढले की अनेक खानावळींच्या वरणात मसूर गुपचूप येऊन बसते, आणि हे ज्या शहरात डाळमिलांचे भोंगे ऐकू येतात आणि ज्या शहरातील बाजार समितीच्या तूर-सोयाबीनच्या भावांकडे सगळा मराठवाडा डोळे लावून असतो, तेथेही घडते. काकू ओळखीच्या डाळमिलमधून पॉलिश न केलेली डाळ पोत्याने घेतात. तिला दुकानातील डाळीची चकाकी नसते आणि वरणात मधूनच सालीचा एखादा तांबूस कण दिसतो, पण शिजताना तिला जो वास सुटतो तो फाटकापर्यंत येतो.

डाळ आधी भिजवून, हळद-हिंग घालून शिजवली जाते आणि मग रवीने इतकीच घोटली जाते की दाणा मोडतो, परंतु पार नाहीसा होत नाही. भातावर वाढल्यावर हे वरण ताटाच्या कडेकडे धावत नाही, भातात मुरते. वरून तूप चमचाभरच मिळते, तेही मागितल्यावर. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण जे मिळते ते तूपच असते. साधे वरण आणि लसूण-जिऱ्याच्या फोडणीचे वरण आलटून पालटून असते आणि आठवड्यातून एकदा चिंच, गूळ आणि काळा मसाला घातलेले आंबट वरण असते. या आंबट वरणात गुळाचा हात थोडा सढळ असतो. परभणीच्या माझ्या जिभेला तो खटकतो, पण शेजारी बसणारी मुले त्याची वाटी तोंडाला लावून पितात, तेव्हा हा दोष मी माझ्यापुरताच ठेवतो.

खानावळीत खरी गोम रात्री नऊच्या सुमारास कळते. शिकवण्या सुटतात, मुलांचा लोंढा येतो आणि बहुतेक ठिकाणी त्याच वेळी वरणात आधणाचे पाणी पडते. पहिल्या पंगतीचे वरण आणि शेवटच्या पंगतीचे वरण यांचे एकमेकांशी नातेही सांगता येत नाही. या खानावळीत दुसरा कुकर आधीच चढलेला असतो. एका रात्री मी बराच उशिरा पोचलो तेव्हा तोही संपला होता. काकूंनी स्वयंपाकघरातूनच हाक दिली, "सर, तुरीचं सरलं वो, धा मिनिटं बसा, मुगाचं टाकलंय." डाळ कोणती आहे हे न विचारता सांगणारी खानावळ मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

भाकरीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्यासारखे लोक येथे टिकले ते भाकरीमुळे. दुपारी चपाती आणि रात्री मागेल त्याला ज्वारीची भाकरी असा येथील नेम आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात मळावे लागते आणि तळहाताने रेटून रेटून त्याला बांधून आणावे लागते. त्यातही पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे बांधून राहण्याचा गुण, जाते आणि भाकरी थापतानाच कडेने चिरते. येथे पीठ आठवड्यातून दोनदा गिरणीतून येते. जेवणाच्या खोलीतून स्वयंपाकघराचे दार सरळ दिसते आणि त्यामुळे भाकरी थापणाऱ्या दोघी बायकांचे काम बसल्या जागेवरून पाहता येते. एक जण परातीत पीठ पसरून उंडा थापत थापत फिरवते. भाकरी कडेला आणि मध्ये सारखी व्हावी म्हणून बोटांचा दाब बाहेरच्या बाजूला वाढत जातो. मग ती भाकरी दोन्ही तळव्यांवर उचलून तव्यावर पडते, दुसरी जण वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवते, पाणी पुरते सुकण्याच्या आत उलथते आणि शेवटी तवा बाजूला करून थेट जाळावर धरते. तेथे ती टम्म फुगते. ताटात आल्यावर पोपडा अलगद सुटतो आणि त्याखालून वाफ येते. मी पाहिले आहे की फुगली नाही अशी भाकरी त्या ताटात वाढत नाहीत, बाजूच्या टोपलीत टाकतात. ती घरच्यांच्या वाट्याला जाते किंवा सकाळी फोडणीला पडते.

ज्वारी रब्बीची, म्हणजे शाळू. खरिपाची पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळते आणि खानावळवाल्यांना तिचा मोह होतो, परंतु तिची भाकरी राखट आणि चवीला उतरलेली होते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची 'परभणी मोती' आमच्या भागात घरोघरी परिचयाची आहे, इकडे मालदांडीचा मान मोठा आहे, आणि या विषयावर काकूंचे यजमान व मी यांच्यात जो वाद चालतो तो मिटण्याची दोघांचीही इच्छा नाही. पौष-माघात, म्हणजे नवी शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येईपर्यंत, भाकरीचा दर्जा थोडा घसरतो; जुन्या धान्याची भाकरी लवकर कडक होते. मराठवाड्यात ज्वारीच्या रानांवर सोयाबीन आले, तशी चांगली शाळू गव्हापेक्षा महाग झाली. एके काळी गरिबाघरची म्हणून नाक मुरडले जाणारी भाकरी आता खानावळीला चपातीपेक्षा महाग पडते, वर ती करणारे हात मिळत नाहीत. तरीही येथे भाकरीचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. दोन भाकऱ्यांनंतर तिसरी मागितली तर कपाळाला आठी न घालता मिळते.

भाकरीबरोबर कुटलेली शेंगदाण्याची चटणी नेहमी असते, जवसाची किंवा कारळाची अधूनमधून असते आणि हिरव्या मिरचीचा ठेचा रोज असतो. चटणीवर कच्चे करडईचे तेल घेण्याची सवय असलेल्यांसाठी काकूंनी एक छोटी बाटली ठेवलेली आहे. करडईचा पेरा घटल्यापासून घाण्यावरचे असे तेल हाताशी राहिलेले नाही, त्यामुळे ती बाटली टेबलावर नसते, विचारावे लागते. नवख्या मुलांना तिचा पत्ता नाही आणि आम्ही जुने लोक तो कोणाला सांगत नाही.

भाज्यांच्या बाबतीत मात्र सरळ कौल देता येत नाही. हंगामातील देशी भाज्या येथे उत्तम होतात. पावसाळ्यात ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडी आणि तिच्यावर ऐन वेळी ओतलेली लसणाची चरचरीत फोडणी, थंडीत डाळ घातलेली मेथी, उडदाच्या डाळीचे दाटसर घुटे, काळ्या मसाल्यातील वांगी, हे पदार्थ मी कोणत्याही मोठ्या हॉटेलच्या ताटापुढे ठेवायला तयार आहे. काळा मसाला घरी कुटलेला आहे. त्यात खोबरे आणि तीळ भाजलेले जाणवतात, दगडफूल किंचित पुढे येते आणि तिखट मागून येते. शेंगोळे मात्र महिन्यातून एखाद्या वेळीच होतात, कारण हुलग्याचे पीठ मळून बोटाएवढ्या वळ्या करत बसायला शंभराच्या पंगतीत वेळ नसतो. ज्या रात्री शेंगोळे असतात त्या रात्रीची बातमी दुपारीच सगळ्या अभ्यासिकांत पोचलेली असते.

याच्या उलट बटाट्याची भाजी आठवड्यातून जितक्या वेळा येते तितक्या वेळा येऊ नये. फ्लॉवर-बटाटा, वाटाणा-बटाटा, शिमला-बटाटा अशी नावे बदलत असली तरी रस्सा एकच असतो. सोयाबीनच्या वड्यांची भाजी हा दुसरा कंटाळा. मुले ती मागतात, असे काकूंचे म्हणणे आहे आणि ते खरेही असेल; पण मुले शिळ्या नूडल्सही मागतील.

पिठल्याला वेगळा परिच्छेद द्यायला हवा. येथे ते दोन प्रकारचे होते. भाताबरोबर पळीवाढे, पातळ, मोहरी-लसणाचे. आणि भाकरीबरोबर घट्ट, कांदा-हिरव्या मिरचीचे, ज्याला लोखंडी कढईत तळाशी खरवड धरू देतात. ही खरवड उलथन्याने काढून शेवटच्या चार-पाच ताटांत वाढली जाते, त्यामुळे पिठल्याच्या रात्री उशिरा येणाऱ्यांची संख्या अचानक वाढते. १९९५ नंतर राज्यभर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली, पुढे त्यांपैकी कित्येकांच्या टपऱ्यांत वडे आणि भजी तळली जाऊ लागली, आणि झुणका म्हणजे स्वस्तात उरकण्याचे जेवण अशी एक समजूत मागे राहिली. बेसन पाण्यात कालवून उकळले की पिठले झाले असे मानणाऱ्यांनी येथील पिठले खावे. पीठ उकळत्या फोडणीच्या पाण्यात वरून भुरभुरवत सोडले जाते, हात एकीकडे सतत घाटत असतो आणि नंतर झाकण ठेवून ते पुरेसे वाफवले जाते. कच्च्या पिठाचा वास नाही, गुठळी नाही आणि खाल्ल्यावर तास-दोन तासांनी छातीत जळजळ नाही.

आता रविवार. त्या दुपारी फीस्ट असते आणि रात्री खानावळ बंद असते, हा सर्वत्र चालणारा नियम येथेही आहे. फीस्टला पनीरची भाजी, पुरी, जिरा राईस आणि गुलाबजाम किंवा शिरा मिळतो. पनीर रबरासारखे चिवट असते, त्याची ग्रेव्ही काजूच्या नावाखाली शेंगदाण्याच्या कुटाने दाट केलेली असते आणि पुऱ्या तळून बराच वेळ झालेला असल्यामुळे त्यांतून तेल निथळते. ज्या हाताला वरणाचा इतका अचूक अंदाज आहे त्या हाताने हे का करावे, याचे उत्तर मुलांच्या मागणीत आणि शेजारच्या खानावळींच्या चढाओढीत आहे. याच रविवारी येसर आमटी, धपाटे आणि दही असा बेत केला तर खर्चही कमी येईल आणि पंगतही खूश होईल, असे मी सुचवून पाहिले. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "पनीर न्हाई म्हटलं की पोरं दुसरीकडं जात्यात, सर. धपाटे त्यांची आई करते घरी." या व्यवहारापुढे माझे बोलणे खुंटले. एखाद्या रविवारी मी लातूरला असलो तर दुपारी साधा वरण-भात मागतो आणि तो मला मिळतो.

डब्याची सेवा या खानावळीची सर्वांत लंगडी बाजू आहे. डबा वेळेवर येतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. साडेबारा म्हणजे साडेबारा. परंतु चार पुडांच्या डब्यात गरम चपात्या लगेच बंद केल्या जातात, त्यांना घाम सुटतो आणि दुपारी एकला डबा उघडेपर्यंत खालच्या दोन चपात्या ओलसर होऊन एकमेकींना चिकटलेल्या असतात. चपात्या जरा निवू देऊन फडक्यात गुंडाळल्या तर हा त्रास राहणार नाही. वरणाचे झाकण सैल असल्यास ते भाजीच्या पुडात उतरते. भाकरी डब्यात देत नाहीत आणि हे योग्यच आहे, कारण निवलेली ज्वारीची भाकरी डब्यात चिवट होते. माझा सल्ला असा की ज्यांना जवळ जाऊन बसणे शक्य आहे त्यांनी डबा लावू नये. त्याच अन्नाची चव ताटात आणि डब्यात इतकी वेगळी लागते की दोन निराळ्या खानावळींचे जेवण वाटावे.

दराचे म्हणाल तर सध्या दोन वेळचे महिन्याला ३,२०० रुपये आणि पाहुण्याचे एक ताट ९० रुपये आहे. हा दर आसपासच्या खानावळींपेक्षा दोन-तीनशेने अधिक आहे, त्यामुळे काही मुले सुरुवातीला कुरकुरतात. तुलनेसाठी एक आकडा सांगतो. जानेवारी २०२० मध्ये राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात असे ताट ग्राहकाला दहा रुपयांना मिळत होते, पण शासनाने त्या ताटाची किंमत शहरी भागासाठी ५० रुपये धरली होती आणि वरची रक्कम केंद्रचालकाला अनुदान म्हणून दिली जात होती. ते मोजूनमापून दिलेले ताट होते. येथे महिन्याच्या दराने एक ताट साधारण पंचावन्न रुपयांना पडते, त्यात हात आखडता नसतो आणि मधल्या काळात डाळ, तेल आणि गॅस यांचे भाव कोठून कोठे गेले हे सर्वांना ठाऊक आहे. दर वाजवी आहे.

खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा, नियम मात्र जाचक आहे. सलग तीन दिवस जेवण बंद ठेवले तरच खाडा धरतात, तेही आदल्या रात्री वहीत लिहून ठेवल्यास. मी बहुतेक शनिवार-रविवारी परभणीला जातो. ते दोन दिवस कधीच खाड्यात धरले जात नाहीत, म्हणजे न खाल्लेल्या जेवणाचे पैसे दरमहा जातात. विद्यार्थी महिनाभर येथेच असतात, त्यांना याची झळ लागत नाही. नोकरदार माणसासाठी वेगळा हिशेब असावा, अशी माझी मागणी आहे. ती अजून मान्य झालेली नाही, पण दर सोमवारी मी ती नव्याने मांडतो.

स्वच्छता समाधानकारक आहे. ताटे गरम पाण्याने धुतलेली असतात, पिण्याचे पाणी जारचे असते. उन्हाळ्यात टँकरवर भागवावे लागते, तरीही भांड्यांच्या बाबतीत काटकसर केलेली दिसत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात ताटे धुण्यापुरतेही पाणी नसल्याने पत्रावळींवर जेवण वाढले आणि खानावळ बंद पडू दिली नाही, असे काकू सांगतात. बसायला जागा कमी आहे. नऊ ते साडेनऊ या वेळात उभे राहावे लागते आणि जेवणाऱ्याच्या पाठीमागे ताटकळणाऱ्या मुलांची नजर मानेवर जाणवते, म्हणून शक्य असेल त्याने आठच्या आत जेवून घ्यावे. त्या वेळी भाकरीही नुकती तव्यावरून उतरत असते.

सकाळचा नाश्ता महिन्याच्या दरात धरलेला नाही, तो ज्याचा त्याने घ्यावा. पोहे सामान्य आहेत. सुशीला मात्र अवश्य खावा: मुरमुरे भिजवून घट्ट पिळलेले, कांदा-मिरची आणि शेंगदाण्यांच्या फोडणीत परतलेले, वरून फुटाण्याच्या डाळीचा कूट. पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे याला पोह्यांचा प्रकार समजतात आणि दुसरी बशी मागतात.

वेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला, खानावळ बंद असते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या दिवशी शहरे ओस पडतात, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात आणि जो तो शेतावर जातो, त्यामुळे याबद्दल कोणी तक्रार करण्याचे कारण नाही. काकूंचे औशाकडे थोडे रान आहे. गेल्या येळवशीला त्यांनी घरी न गेलेल्या आम्हा चार-सहा जणांना तेथे बोलावले होते. सोलाणे, तुरीचे आणि वाटाण्याचे दाणे, गाजर, वांगी, मेथी, कांद्याची पात आणि चिंच घालून बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातील लसणाची आंबील असे ते जेवण होते. ते विकत मिळणारे नसल्यामुळे या अभिप्रायात त्याला गुण देता येत नाहीत, परंतु खानावळीच्या ताटात जे चांगले उतरते ते कोठून येते याचा अंदाज तेथे आला.

नव्याने लावणाऱ्यांनी तीन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. रात्री भाकरी हवी असल्यास ती सायंकाळी सहापर्यंत कळवावी लागते, नंतर येणाऱ्याला चपातीवर भागवावे लागते. तिखट सोसत नसेल तर तसे पहिल्याच दिवशी सांगावे. भाजी वेगळी करून मिळत नाही, पण फोडणीपूर्वीचे साधे वरण बाजूला काढून ठेवतात. आणि खाड्याचा नियम समोर बसून, वही उघडून समजून घ्यावा, विशेषतः आठवड्याच्या शेवटी गावी जाणाऱ्यांनी. आगाऊ रक्कम एक महिन्याची घेतात, पावती मागितल्यास देतात, आणि परीक्षांच्या हंगामात जागा राहत नसल्याने जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच नाव लिहून ठेवणे बरे.